शेतातलं जुनं घर पाडून मोठं बांधताना

वडिलोपार्जित शेतात दोन-तीन खोल्यांचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू घर आहे, ते पाडून ऐसपैस बांधायचं आहे, विचारायचं कोणाला? इंदूर आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत इतक्यांदा आला, की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं मध्य प्रदेशातल्या कायद्यांना धरून आहेत. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनी सांगितलेला सातबारा, एन.ए. आणि तिथली टक्केवारी इथे लावू नका. इथले कागद वेगळे, कार्यालयंही वेगळी.

प्रश्न (एक वाचक, सांवेर तहसील) : आजोबांनी बांधलेलं ६०० चौरस फुटांचं घर साठ वर्षांपासून शेतात उभं आहे. त्याच जागी २,८०० चौरस फुटांचं दुमजली घर बांधायचं आहे. घर आधीपासून आहेच, मग नव्याने परवानगी कशाला? पंचायतीचे सचिव म्हणतात, आमचा ठराव पुरे आहे.

उत्तर : जुन्या घरामुळे तुमचा ताबा आणि वहिवाट सिद्ध होते, तेवढंच. त्याच्या भिंती पडल्या की त्या जागी नवीन घर उभं करण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ प्रमाणे जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं कोणतंही बांधकाम आणि इमारतीत वा वापरात केलेला ठळक बदल म्हणजे विकास, आणि तो परवानगीशिवाय करायला कलम २६ ची मनाई आहे. जुनं पाडून त्याच मापाचं बांधलं तरी ते नवीन बांधकामच. तुम्ही तर पावणेपाचपट मोठं बांधताय.

सचिवांचं म्हणणं खरं की खोटं, हे तुमचं गाव कुठे मोडतं त्यावर ठरतं. तीन शक्यता आहेत. गाव महापालिकेच्या हद्दीत गेलं असेल (२०१४ च्या हद्दवाढीत २९ गावं आली), तर बांधकामाचा नकाशा महापालिका मंजूर करते. हद्दीबाहेर पण इंदूरच्या निवेश क्षेत्रात, म्हणजे विकास योजनेसाठी आखलेल्या भागात असेल, तर आधी नगर तथा ग्राम निवेश कार्यालय, म्हणजे आपण ज्याला टी अँड सी.पी. म्हणतो ते, आणि मग पंचायत. निवेश क्षेत्राच्याही बाहेर असेल, तर पंचायत राज अधिनियम, १९९३ च्या कलम ५५ खाली ग्रामपंचायतीची लेखी परवानगी. सचिवांचा ठराव फक्त या तिसऱ्या ठिकाणी पुरतो.

इथे बरेच जण फसतात, कारण क्षेत्राच्या सीमा बदलल्या आहेत. इंदूर विकास योजना २०२१ ही १ जानेवारी २००८ पासून लागू झाली. पुढच्या योजनेसाठी निवेश क्षेत्रात ७९ गावं नव्याने जोडली गेली. शेजाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी पंचायतीच्या कागदावर बांधलं, म्हणून आज तुम्हालाही ते चालेल असं नाही.

म्हणून पहिला खर्च आर्किटेक्टवर नको, भू-उपयोग प्रमाणपत्रावर करा. गावाचं नाव, खसरा क्रमांक (शेताचा भूमापन क्रमांक) आणि नक्शाची, म्हणजे गावच्या जमिनीच्या सरकारी नकाशाची प्रत देऊन टी अँड सी.पी. कडे अर्ज करायचा. त्या एका कागदावर कळतं, की विकास योजनेत तुमची जमीन कृषी दाखवली आहे, आवासीय आहे, आमोद-प्रमोद (करमणुकीसाठी) आहे की हरित क्षेत्र, आणि कुठला प्रस्तावित रस्ता तिच्यातून जातो का. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, इंदूर विकास प्राधिकरणाने १९७३ च्याच अधिनियमाच्या कलम ५० खाली तुमच्या खसऱ्यावर योजना जाहीर केली आहे का. केली असेल तर कलम ५३ प्रमाणे जमीन जवळजवळ गोठते, मग नकाशा कितीही चांगला असो. दुसरी, पश्चिम बाह्य रिंग रोड किंवा इंदूर-पीथमपूर आर्थिक कॉरिडॉर यांच्या अधिसूचनांत तुमचा क्रमांक आहे का. पटवारी (तलाठी) तोंडी 'काही नाही' म्हणाला तरी राजपत्रातली यादी डोळ्यांनी वाचा.

आता २,८०० चौरस फुटांबद्दल. कृषी वापराच्या जमिनीवर फार्म हाऊस बांधता येतं, पण जमिनीचं किमान क्षेत्र, एफ.ए.आर. (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), तळमजल्याचा व्याप आणि उंची यांच्या मर्यादेत. या मर्यादा भूमी विकास नियम, २०१२ आणि त्या क्षेत्राची विकास योजना मिळून ठरवतात. हिशेब कसा मांडायचा ते पाहा. समजा तुमच्या जमिनीला ०.१० एफ.ए.आर. लागू आहे आणि जमीन एक एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर आहे. मग सगळे मजले मिळून ४०४ चौरस मीटर, साधारण ४,३५० चौरस फूट बांधता येईल. तुमचे २,८०० त्यात सहज बसतात. जमीन अर्धा एकर निघाली तर २,१७५ च्या पुढे जाता येणार नाही, शिवाय किमान क्षेत्राच्या अटीतच अर्ज अडकू शकतो. शेजाऱ्याचा आकडा उचलू नका, त्याची जमीन वेगळ्या वापरात असू शकते. आणखी एक, जुनं घर गड्याला राहायला ठेवायचा विचार असेल, तर त्याचे ६०० चौरस फूट या बेरजेत धरले जातात. 'ते तर आधीचंच आहे' हे तिथे चालत नाही.

प्रश्न (एक वाचक, देपालपूर रस्ता) : रजिस्ट्री आहे, खसरा आहे, ऋण पुस्तिका (जमीन आणि कर्जाच्या नोंदींची वही) आहे. तरी आर्किटेक्ट म्हणतो, नक्शा 'तरमीम' झालेला नाही, अर्ज परत येईल. हे काय असतं आणि किती महत्त्वाचं?

उत्तर : तुमचा आर्किटेक्ट जाणकार दिसतो, त्याला सोडू नका. परत येणाऱ्या अर्जांमागचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

मूळ खसरा ११२ होता असं धरू. वाटणी किंवा विक्री होऊन त्याचे ११२/१, ११२/२, ११२/३ असे बटांक पडले. खसऱ्यात आणि बी-१ मध्ये, म्हणजे खातेदाराच्या उताऱ्यात, तुमच्या नावापुढे ११२/२ आणि ०.६१० हेक्टर लिहिलेलं आहे. पण पटवाऱ्याकडच्या नक्शावर अजूनही एकच अखंड ११२ काढलेला आहे, आतल्या रेघा कोणी मारल्याच नाहीत. म्हणजे तुमची जमीन किती, हे सरकारी कागद सांगतो. ती नेमकी कुठली, हे सांगत नाही. घर ११२/२ मध्येच येतंय, रस्त्यापासून आणि शेजारहद्दीपासून अमुक अंतर सुटतंय, हे टी अँड सी.पी. ने कशावरून तपासायचं? त्या रेघा नक्शावर उतरवणं म्हणजे तरमीम.

क्रम असा ठेवा. तहसीलदाराकडे नक्शा तरमिमीचा अर्ज द्या, सोबत रजिस्ट्रीतली चतुःसीमा आणि वाटणीचा आदेश जोडा. मग भू-राजस्व संहितेच्या कलम १२९ खाली सीमांकन. राजस्व निरीक्षक आणि पटवारी येऊन मोजतात, शेजाऱ्यांना आधी नोटीस जाते, जागेवर पंचनामा होतो. पंचनाम्यावर शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या की निम्मं भांडण तिथेच मिटतं. मोजणी गव्हाच्या कापणीनंतर आणि पहिल्या पावसाआधी करून घ्या. उभ्या पिकात साखळी सरळ पडत नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पायही ठरत नाही. अर्थात सगळ्यांनाच तेव्हा हवी असते, म्हणून अर्ज हिवाळ्यातच द्यायचा. टोटल स्टेशनने (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने) मोजून घेतलं तर तीच फाइल पुढे आर्किटेक्टला उपयोगी पडते.

मोजणीत ०.६१० ऐवजी ०.५८५ निघालं तर? घाबरू नका, पण नकाशा प्रत्यक्ष क्षेत्रावरच काढा. रजिस्ट्रीतला मोठा आकडा धरून एफ.ए.आर. काढला आणि जागेच्या पाहणीत तूट दिसली, तर सगळी रेखाटनं पुन्हा करावी लागतात.

रस्ताही याच वेळी तपासा. शेतापर्यंतची गाडीवाट नक्शावर सरकारी आहे की कुणाच्या खसऱ्यातून तोंडी चालू आहे? ट्रॅक्टरला कोणी अडवत नाही, सिमेंटचा मिक्सर आला की अडवतात. वहिवाटीच्या रस्त्याचा वाद कलम १३१ खाली तहसीलदार ऐकतो, पण बांधकाम अर्ध्यावर असताना तिथे जाणं फार महागात पडतं.

प्रश्न (एक वाचक, महू) : डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापराला वळवणं, आता ऑनलाइन पैसे भरून लगेच होतं असं ऐकलं. पूर्ण चार बिघे करून टाकलं की घर बांधायला मोकळे का?

उत्तर : दोन्ही अर्धवट ऐकलंत. भू-राजस्व संहितेच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिच्या कलम ५९ खाली भूमिस्वामीने प्रीमियम आणि नवीन भू-राजस्व स्वतःच हिशेब करून भरायचं आणि पावतीसह अनुविभागीय अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, ही सोय झाली. जुनं कलम १७२ आणि त्याखालची आदेशाची वाट, दोन्ही गेलं. पण हा महसुलाचा भाग झाला. जमिनीचा सारा शेतीऐवजी घराच्या दराने लागणार, एवढंच त्या पावतीवरून ठरतं. बांधकामाची परवानगी, विकास योजनेतला वापर, पंचायत, यातलं काहीच त्यात येत नाही. डायव्हर्शनची पावती दाखवून बांधकाम सुरू केलेले आणि नंतर १९७३ च्या अधिनियमाच्या कलम ३६-३७ ची नोटीस हातात घेऊन फिरणारे लोक कमी नाहीत.

आणि पूर्ण चार बिघे कशाला? माळव्यातला बिघा साधारण पाव हेक्टर, म्हणजे तुम्ही जवळजवळ एक हेक्टरचा प्रीमियम भरणार, शिवाय पुढे दरवर्षी त्या सगळ्याचा वाढीव सारा. घर, अंगण, गाडी वळायला जागा, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा एवढाच तुकडा नकाशावर मापासकट दाखवा आणि तेवढाच वळवा. बाकी शेत शेतच राहू द्या. पीककर्ज आणि पीकविमा शेतीच्या नोंदीवर चालतात.

वळवलेल्या तुकड्याचं माप आणि मंजूर नकाशातलं माप सारखंच हवं. म्हणून आधी नकाशा मंजूर करून घ्या, मग चलन भरा. घाईने आधी २,००० चौरस फूट वळवलं आणि मंजूर घर ओट्यासकट २,६०० ला गेलं, तर फरकासाठी तीच कसरत दुसऱ्यांदा.

गोठा, मोटारघर, कांदाचाळ, अवजारांची खोली हे शेतीच्या सोयीसाठीचं बांधकाम आहे, संहिता त्याला शेतीची सुधारणा मानते. त्याच्या आडून बंगला बसवू नका. 'अवजारांच्या खोली'ला संलग्न बाथरूम आणि मॉड्युलर किचन दिसलं की पाहणीला आलेला माणूस हसतो आणि प्रतिकूल टिपण लिहितो. तसंच घर लग्नाला, पार्टीला भाड्याने द्यायचा बेत असेल, तर तो व्यावसायिक वापर झाला. त्याचा दरही वेगळा आणि परवानगीही वेगळी.

प्रश्न (एक वाचिका, रामबाग) : जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन आठ वर्षं झाली. दोन दीर, एक नणंद. घर आम्हीच बांधणार, सगळ्यांची तोंडी संमती आहे.

उत्तर : तोंडी संमतीवर खणायला सुरुवात करू नका, नाती चांगली असतील तर मुळीच नको. आधी फौती नामांतरण करा, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं चढवून घ्या, भू-राजस्व संहितेच्या कलम १०९-११० खाली. त्यात यजमान, दोन्ही दीर आणि नणंद, सगळ्यांची नावं चढतील. सासूबाई असतील तर त्यांचंही. नणंदेला लग्न झालं म्हणून वगळून वारस पंचनामा करण्याची जुनी सवय इकडे अजून आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि एका वारसाने नंतर हरकत घेतली तरी नामांतरण आणि त्यावर उभी असलेली परवानगी दोन्ही डळमळतात.

त्यानंतर दोन पर्याय. सामायिक खात्यावरच बांधायचं असेल, तर सगळ्या सहभूमिस्वामींचं नोटरी केलेलं संमतिपत्र अर्जाला लागेल. त्यात खसरा क्रमांक, घराचं क्षेत्र आणि 'कुठल्या बाजूला' हे स्पष्ट लिहा. पण आमचा सल्ला कलम १७८ खाली वाटणी करून, तरमीम करून, स्वतःच्या बटांकावर बांधण्याचा. सामायिक जमिनीवर बांधलेलं घर पुढच्या वाटणीत सगळ्यांच्या नजरेसमोर असतं. एक धोका मात्र आधी मोजून पाहा. वाटणीनंतर तुमच्या वाट्याला येणारं क्षेत्र फार्म हाऊसच्या किमान क्षेत्राखाली जात असेल, तर वाटणी करून तुम्ही स्वतःच परवानगीचा रस्ता बंद कराल. अशा वेळी सामायिक खातं आणि संमतिपत्र हाच मार्ग.

कोणी हिस्सा सोडत असेल तर हक्कत्यागाचा लेख नोंदणीकृतच हवा, शंभराच्या स्टॅम्पवरची सही नव्हे.

प्रश्न (एक वाचक, मांगल्याजवळ) : घराच्या जागेवरून विजेच्या तारा जातात आणि शेताच्या कडेला पाइपलाइनचे पिवळे खांब आहेत. किती अंतर सोडायचं?

उत्तर : पाइपलाइनपासून सुरुवात करू, कारण तिथे घासाघीस नाही. तेल किंवा वायूच्या पाइपलाइनसाठी १९६२ च्या कायद्याखाली जो पट्टा घेतलेला असतो, त्यात घर, टाकी, विहीर काही बांधता येत नाही, झाडही लावता येत नाही. जमीन तुमच्याच नावावर असते, फक्त वापरावर बंधन असतं, म्हणून खसरा पाहून ते लक्षात येत नाही. खांबांवर कंपनीचं नाव असतं. पट्ट्याची रुंदी आणि कडा त्यांच्याकडून लेखी घ्या.

तारांचं उत्तर त्या किती व्होल्टच्या आहेत यावर. ११ के.व्ही. च्या लाइनपासून इमारतीच्या सगळ्यांत पुढे आलेल्या भागापर्यंत आडवं अंतर किमान १.२ मीटर, ३३ के.व्ही. ला २ मीटर. इमारतीवरून जात असेल तर दोन्हींना उभं अंतर ३.७ मीटर. मोठ्या मनोऱ्यांच्या १३२ के.व्ही. लाइनला २७ मीटर आणि २२० के.व्ही. ला ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा धरतात. त्यात घर आखूच नका.

चूक होते ती मोजण्यात. अंतर भिंतीपासून मोजलं जातं आणि बाल्कनी, छज्जा, जिन्याची टोपी विसरली जाते. शिवाय तार तापली की लोंबते. जानेवारीच्या सकाळी ३.९ मीटर भरलेलं अंतर मे महिन्याच्या दुपारी कमी भरेल, आणि नियम जास्तीत जास्त झोळ धरूनच आहे. वाऱ्याने तार झुलते ते वेगळं. घर सरकवता येत नसेल, तर वीज कंपनीकडे लाइन हलवण्याचा अर्ज करता येतो, खर्च अर्जदाराचा. तो अंदाज हाती येईपर्यंत घराची जागा पक्की करू नका.

शेत राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर मोकळ्या ग्रामीण भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम धरत नाहीत, आणि ७५ मीटरपर्यंतचं बांधकाम नियंत्रणात येतं. मध्यापासून, कडेपासून नव्हे.

प्रश्न (एक वाचक, राऊ) : जुन्या घराचा पाया दगडी आणि भक्कम आहे. त्याच पायावर दोन मजले चढवले तर परवानगी सोपी होईल का?

उत्तर : परवानगी जराही सोपी होणार नाही, घर मात्र धोक्यात येईल. नकाशासोबत स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र लागतं. पाया न उघडता कोणी जबाबदार इंजिनियर जुन्या दगडी जोत्यावर दोन मजले लिहून देणार नाही. एक मजला आणि कवेलूंचं छप्पर पेलणं वेगळं, स्लॅबचे दोन मजले वेगळे.

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. हलकं घर तिच्याबरोबर थोडं वरखाली होत राहतं. पक्क्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. नवीन घराच्या जागी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या आणि काळी माती संपून मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. पाच-सहा फुटांत लागला तर पाया मुरमात उतरवा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) आणि वर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), त्यासाठी भारतीय मानक २९११ चा तिसरा भाग आहे.

मातीचा स्वभाव घरबसल्याही कळतो. वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली माती १०-१० ग्रॅम दोन शंभर मिलिलीटरच्या मापनळ्यांत घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती १२ च्या खुणेवर बसली आणि पाण्यात २१ वर, तर फरक ९, त्याला १२ ने भागलं की ७५ टक्के. पन्नासच्या पुढे सावध व्हा. शंभरच्या पुढे निघालं तर माती प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय पुढे जाऊ नका.

सांडपाण्याचंही याच मातीशी जमत नाही. दहा माणसांच्या घराला सेप्टिक टँक आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, आणि दोन वर्षांनी उपसायचा असेल तर पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळं. टाकी ठीक असते, शोषखड्डा बिघडतो. तो काळ्या मातीतच संपवला तर पावसाळ्यात पाणी जिरत नाही आणि संडास तुंबतो. तळ मुरमात न्या, आणि पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर दूर ठेवा. शेजाऱ्याची विहीरही त्यात मोजा. हे सगळं साइट प्लॅनवर मापासकट दाखवलं की पाहणीत एक प्रश्न कमी होतो.

प्रश्न (एक वाचक, सुदामा नगर) : अर्ज दिला आहे. पावसाळ्याआधी जुनं घर पाडून घ्यावं म्हणतो.

उत्तर : थांबा. मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत जुन्या घराला हात लावू नका. अर्ज नामंजूर झाला किंवा आक्षेपात वर्ष गेलं, तर तुमच्याकडे ना जुनं घर राहतं ना नवं, आणि तिथे कधी घर होतं याचा जागेवरचा पुरावाही जातो. पाडण्याआधी चारही बाजूंचे तारखेसह फोटो, आतलं माप, जुनी वीजबिलं आणि पंचायतीच्या कराच्या पावत्या एकत्र करून ठेवा. मंजुरी मिळाली की घाई नाही. १९७३ च्या अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे टी अँड सी.पी. ची परवानगी तीन वर्षं चालते, वर्षावर्षाने वाढवून एकूण पाच.

आक्षेपाचं पत्र आलं तर मुद्द्यागणिक लेखी उत्तर द्या, तोंडी समजावून काही होत नाही. नामंजुरी आलीच तर तिची कारणं लेखी असतात, आणि कलम ३१ खाली अपील आहे. कारण तरमीम किंवा रस्त्याचं असेल तर अपिलात वेळ न घालवता ती दुरुस्ती करून नव्याने अर्ज देणं बरं.

बांधकामाला वीज पंपाच्या कनेक्शनवरून घेऊ नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली भलत्या कामाला वापरलेल्या विजेची आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. तात्पुरतं कनेक्शन घ्या. पाण्यासाठी बोअर करायचा असेल तर उन्हाळ्याआधीच विचार करा. पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली जिल्हाधिकारी उन्हाळ्यात नवीन बोअरवर बंदी घालतात, मग एस.डी.एम., म्हणजे अनुविभागीय अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते.

प्रश्न (एक वाचक, बेटमा) : बँक म्हणते, शेतजमिनीवर गृहकर्ज नाही. परवानगी असूनही?

उत्तर : थकबाकी झाल्यावर बँका ज्या सरफेसी कायद्याने, २००२, कोर्टात न जाता मालमत्ता ताब्यात घेतात, त्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळली आहे. म्हणून बँकेला घराखालचा तुकडा वळवलेला, तरमीम झालेला आणि पोहोचायला रस्ता असलेला हवा. तसा तो असेल तर कागद घेऊन दुसऱ्या शाखेत जा. खसऱ्याच्या कैफियतीत (शेऱ्याच्या रकान्यात) किसान क्रेडिट कार्डाचा बोजा असेल, तर आधी त्या बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. हा बोजा अर्जाच्या वेळीही निघतो, निव्वळ कर्जाच्या वेळी नाही.

प्रश्न (एक वाचक, नाव न छापण्याच्या अटीवर) : मंजूर झालं त्यापेक्षा मागच्या बाजूला एक खोली जास्त बांधून झाली आहे.

उत्तर : काम तिथेच थांबवा आणि आर्किटेक्टकडून जागेवरचं माप काढून घ्या. वाढीव खोली धरूनही एफ.ए.आर. आणि सोडायची अंतरं पाळली जात असतील, तर सुधारित नकाशा द्या. मर्यादा ओलांडली असेल तर प्रशमनाची, म्हणजे जादा बांधकाम नियमित करून घेण्याची सोय ठरावीक टक्क्यांपर्यंतच आहे आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. रस्त्याच्या किंवा तारेच्या अंतरात शिरलेली खोली मात्र पाडावीच लागेल.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : इंदूरजवळ 'फार्म हाऊस प्लॉट', ५,००० चौरस फूट, रजिस्ट्रीसह मिळतोय. निवृत्तीनंतर तिथे बांधायचं आहे.

उत्तर : विकणाऱ्याकडे पाच गोष्टी मागा : भू-उपयोग प्रमाणपत्र, मंजूर अभिन्यास (लेआउट), डायव्हर्शन, तुमच्या प्लॉटची तरमीम आणि रेरा (स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांक. निवेश क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर रेरात नोंदणी लागते. ५,००० चौरस फूट म्हणजे ४६५ चौरस मीटर, पण मर्यादा पूर्ण जमिनीला लागते, तुमच्या तुकड्याला नव्हे. बहुतेक वेळा अशा रजिस्ट्रीत अखंड खसऱ्यातला एक अविभाजित हिस्सा लिहिलेला असतो. त्यावर नामांतरण झालं तरी घराची परवानगी मिळत नाही. पाचातली एकही गोष्ट 'पुढच्या महिन्यात देतो' असं उत्तर आलं, तर बयाणा देऊ नका.